तृणमणि आणि पिळाचा तराजू

संस्कृत भाषेंत एका पिवळसर, पारदर्शक आणि हातांत घेतलें असतां विलक्षण हलक्या लागणाऱ्या रत्नाला 'तृणमणि' असें नांव आहे. हा मणि म्हणजे खरोखर दगड नव्हे. तो पुरातन वृक्षांचा डिंक. कोट्यवधि वर्षें जमिनींत अथवा समुद्रतळाशीं पडून राहिल्यानें तो दगडासारखा कठीण झालेला असतो. लोकरीच्या वस्त्रावर तो घासला म्हणजे जवळ ठेवलेल्या गवताच्या काड्या टपकन् उडून त्याला चिकटतात, म्हणून तो तृणमणि. फारसी भाषेंत त्यालाच 'काहरुबा' म्हणतात; 'काह' म्हणजे गवत आणि 'रुबा' म्हणजे हिसकावून नेणारा. ग्रीक लोक त्याला 'एलेक्ट्रॉन' म्हणत, आणि युरोपीय भाषांतून विजेला पुढें जें नांव मिळालें तें याच शब्दावरून. मणि गवत ओढतो हें या सर्वांना ठाऊक होतें. परंतु तो कधीं कधीं तेंच गवत दूर झुगारून देतो, ही गोष्ट यांपैकीं एकाहि नांवांत उतरलेली नाहीं. ओढणें दिसलें आणि लोटणें दिसलें नाहीं, अशी मनुष्याच्या डोळ्यांची स्थिति दोन हजार वर्षांहून अधिक काळ होती. हें अर्धें सत्य पुरें कसें झालें, आणि तें पुरें करतांना कोणाला काय मोल द्यावें लागलें, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

आकर्षणाचें कारण शोधण्याचा यत्न प्राचीनांनींहि केला होता. वैशेषिक दर्शनांत सुई लोहचुंबकाकडे सरकते ती 'अदृष्ट' कारणामुळें, असें मानलें आहे. म्हणजे कारण आहे, पण तें दिसत नाहीं. लोखंडाला हलविणाऱ्या चुंबकाला आत्मा असला पाहिजे असें थेलीज या ग्रीक तत्त्वज्ञाचें मत होतें, असें ॲरिस्टॉटल सांगतो. चुंबक आणि तृणमणि हीं जणूं जुळीं भावंडें, अशी समजूत पुढें कित्येक शतकें चालली. त्या दोघांना पद्धतशीर प्रयोगांनीं एकमेकांपासून वेगळें काढण्याचें काम एका वैद्यानें केलें.

विल्यम गिल्बर्ट हा इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचा वैद्य. चुंबकावरील त्याचा लॅटिन ग्रंथ १६०० सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. त्यांतील एका प्रकरणांत त्यानें तृणमणीची चौकशी केली आहे. होकायंत्रांतील सुईप्रमाणें अणकुचीदार टोंकावर तोललेली एक हलकी सुई त्यानें तयार केली. घासलेला पदार्थ जवळ आणतांच ती सुई त्याच्याकडे वळे. या साध्या साधनानें त्यानें हिरा, नीलमणि, कांच, गंधक, लाख असे अनेक पदार्थ तपासले आणि दाखवून दिलें कीं, गवत ओढण्याचा गुण एकट्या तृणमणीचा नाहीं. हवा दमट असली कीं ही शक्ति क्षीण होते, हेंहि त्याच्या ध्यानांत आलें. कांचेवर साठलेल्या ओलाव्यावाटे विद्युत् भार निसटून जातो. कोंकणांत ऐन पावसाळ्यांत शाळेंतील हा प्रयोग फसतो आणि शिक्षकाला विद्यार्थ्यांपुढें ओशाळें व्हावें लागतें, त्याचें कारणहि हेंच. इतकें सूक्ष्म निरीक्षण करणाऱ्या गिल्बर्टनें एक गोष्ट मात्र ठासून नाकारली. चुंबक ओढतो व लोटतो. परंतु तृणमणीच्या जातीचे पदार्थ केवळ ओढतात, ते कधींच लोटीत नाहींत, असा निर्णय त्यानें दिला.

एवढ्या चिकित्सक मनुष्याच्या नजरेंतून लोटणें सुटलें कसें? त्याचें उत्तर सृष्टीच्या रचनेंतच आहे. घासलेल्या मण्यावर विद्युत् भार असतो. गवताच्या काडीवर नसतो. मग ती काडी ओढली कां जावी? काडीच्या पोटांत परस्परविरुद्ध असे दोन्ही प्रकारचे भार सारख्याच प्रमाणांत भरलेले असतात. मणि जवळ येतांच त्यांपैकीं विरुद्ध जातीचा भार किंचित् त्याच्या बाजूला येतो आणि सजातीय भार किंचित् पलीकडे सरतो. जवळच्या भारावरील ओढ ही दूरच्या भारावरील रेट्यापेक्षां बलवान् ठरते आणि काडी उडी मारते. म्हणजे ज्यावर भार नाहीं अशी वस्तु ओढलीच जावयाची. लोटणें दिसण्यासाठीं दोन्ही वस्तूंवर भार पाहिजे, आणि तोहि एकाच जातीचा. जगांतील केरकचरा, भुसा, गवत हीं सामान्यतः भाररहित असतात. त्यामुळें ओढणें पावलोपावलीं भेटतें, लोटणें शोधावें लागतें. मण्याला चिकटलेल्या काडीला त्याच्याच जातीचा भार मिळाला म्हणजे ती दूर उडते खरी; परंतु पाहणाऱ्याला वाटतें, चिकटलेली काडी गळून पडली.

निकोलो काबेओ या इटालियन जेझुइट पंडितानें १६२९ सालच्या आपल्या ग्रंथांत अशा उडून जाणाऱ्या कणांची नोंद केली. परंतु वेगानें आपटलेली वस्तु जशी मागें उसळते तसा हा प्रकार, अशी त्यानें मनाची समजूत घातली. त्यानंतर माग्डेबुर्ग शहराचा नगराध्यक्ष ओटो फॉन गेरिके यानें लहान मुलाच्या डोक्याएवढा गंधकाचा गोळा ओतविला, त्यांत लोखंडी आंस बसविला आणि कोरड्या तळहातानें तो घासला. १६७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकांत एका पिसाची हकीकत आहे. पीस गोळ्याकडे झेंपावलें, त्याला चिकटलें आणि मग दूर फेंकलें जाऊन हवेंत तरंगत राहिलें. गोळा हातीं धरून गेरिके चालूं लागला कीं पीस पुढें पुढें खोलीभर हिंडे. बोट लावल्यावरच तें पुन्हां गोळ्याकडे परते. लोटणें प्रत्यक्ष डोळ्यांपुढें तरंगत होतें; परंतु गेरिकेला तो गोळा म्हणजे पृथ्वीची प्रतिकृति वाटत होता. पृथ्वीच्या अंगीं कांहीं वस्तु जवळ घेण्याचा व कांहीं दूर सारण्याचा गुण आहे, त्याचेंच हें प्रत्यंतर, असें त्यानें मानलें आणि विजेचा धागा त्याच्या हातून सुटला.

पुढचें पाऊल कँटरबरीच्या एका रंगाऱ्यानें टाकलें. स्टीफन ग्रे हा कापड रंगविणाऱ्या घराण्यांतला. उतारवयांत तो लंडनच्या चार्टरहाउस या निराधार वृद्धांच्या आश्रमांत राहत असे. १७२९ सालीं त्याच्या असें दृष्टीस पडलें कीं, कांचेची नळी घासली असतां तिच्या तोंडाला बसविलेलें बूचहि पिसाला ओढतें. वीज एका वस्तूंतून दुसरींत जाते तर! त्यानें बुचाला काडी जोडली, काडीला दोरी, आणि दोरी शेंकडों फूट लांबविली. दोरीला आधार म्हणून रेशमाचे धागे बांधले तेव्हां प्रयोग साधला. रेशीम तुटलें म्हणून पितळेची तार बांधली तेव्हां तो फसला. तार बारीक असूनहि वीज निसटली. तेव्हां प्रश्न जाडीचा नसून जातीचा आहे, हें सिद्ध झालें. वाहक व विरोधक हा भेद जगाला या वृद्धानें दिला. लंडनच्या रॉयल सोसायटीचें कोप्ले पदक प्रथम त्याला मिळालें. परंतु १७३६ सालीं तो वारला तो दारिद्र्यांतच.

ग्रेचे प्रयोग वाचून पॅरिसमधील शार्ल द्यू फे हा रसायनज्ञ या विषयाकडे वळला. पूर्वायुष्यांत तो सैनिक होता आणि पुढें राजाच्या वनस्पति-उद्यानाचा प्रमुख झाला. १७३३ सालीं त्यानें घासलेल्या कांचेच्या नळीवर सोन्याचा वर्ख सोडला. वर्ख नळीला चिकटला, क्षणांत दूर उडाला आणि हवेंत अधांतरीं राहिला. नळी जवळ न्यावी तों तो दूर पळे. द्यू फेनें यांतील क्रम बरोबर ओळखला: विद्युन्मय वस्तु प्रथम ओढते, स्पर्शानें आपली वीज देते, आणि मग लोटते. नियम हातीं आला असें वाटलें. केवळ खात्रीसाठीं म्हणून त्यानें कोपल नांवाच्या राळेचा तुकडा घासला आणि तो तरंगत्या वर्खाजवळ नेला. वर्ख दूर पळेल ही त्याची अपेक्षा. वर्ख मात्र झेंप घेऊन राळेला चिकटला.

ज्याचा नियम नुकताच बनला आहे अशा मनुष्याच्या आयुष्यांत हा क्षण कसोटीचा असतो. हवेंतील ओलावा, हाताचा दोष, वाऱ्याची झुळूक, असा कोणता तरी बहाणा सांपडतोच. द्यू फेनें तो शोधला नाहीं. आपल्याला अगदीं उलट परिणामाची अपेक्षा होती हें त्यानें उघड सांगितलें आणि एकामागून एक पदार्थ तपासले. कांच, स्फटिक, रत्नें, लोकर हीं एका बाजूला पडलीं. तृणमणि, राळ, लाख, रेशीम हीं दुसऱ्या बाजूला. विजेच्या जाती दोन आहेत, सजातीय वीज एकमेकींस लोटते व विजातीय वीज एकमेकींस ओढते, हा सिद्धान्त त्यानें मांडला. त्याचें १७३३ सालच्या डिसेंबरचें पत्र इंग्रजी भाषांतरानें रॉयल सोसायटीपुढें गेलें. तृणमणीच्या नांवांतून जें अर्धें सत्य गळलें होतें, तें येथें प्रथम जोडलें गेलें.

तथापि विजेच्या जाती दोन म्हणाव्या कीं एकच, हा वाद पुढें बराच माजला. अमेरिकेंत बेंजामिन फ्रँक्लिन यानें वीज हा एकच सूक्ष्म द्रव कल्पिला. तो अधिक झाला म्हणजे धन, उणा झाला म्हणजे ऋण. हिशेब सुटसुटीत होता, पण त्यांत एक अडचण होती. दोन ऋण वस्तूहि एकमेकींस लोटतात. ज्यांच्यापाशीं द्रवच कमी, त्यांनीं एकमेकींस कां लोटावें? सेंट पीटर्सबर्गच्या एपिनस यानें १७५९ सालीं उत्तर दिलें कीं, द्रव काढून घेतलेलें जडद्रव्यच स्वतःला लोटतें. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणावर वाढलेल्या पंडितांना हें पचणें कठीण गेलें. त्याच वर्षीं लंडनमधील रॉबर्ट सिमर या गृहस्थानें आपले पायमोजे या वादांत आणले. थंडीसाठीं तो पांढऱ्या रेशमी मोज्यावर काळा रेशमी मोजा चढवी. रात्रीं दोन्ही एकत्र काढून मग वेगळे केले कीं प्रत्येक मोजा आंत पाय असावा तसा फुगून राही. पांढरा पांढऱ्याला लोटी, काळा काळ्याला लोटी, पांढरा व काळा मात्र एकमेकांकडे धांव घेऊन घट्ट बिलगत. लोक हंसले, परंतु पायमोज्यांच्या या प्रयोगांनीं दोन विजांच्या मताला नवा जोर आणला.

या सर्व गमतींच्या मध्यें एक शोकपर्यवसायी प्रसंग आहे. लोटणें किती आहे हें मोजावयाचें तर साधन काय? सेंट पीटर्सबर्गच्या अकादमींतील प्राध्यापक गेऑर्ग रिखमान यानें धातूच्या उभ्या पट्टीला वरून एक धागा लोंबत ठेवला. पट्टीला वीज मिळाली म्हणजे धाग्यालाहि तीच मिळे आणि तो पट्टीपासून दूर सरे. किती अंश सरला हें मागील कोनमापकावर वाचावयाचें. ढगांतील वीज मोजण्यासाठीं त्यानें घराच्या छपरावर लोखंडी सळई उभी करून तिची तार या पट्टीला जोडली होती. जमिनीशीं तिचा संबंध ठेवला नव्हता. १७५३ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या ६ तारखेस अकादमीच्या बैठकींत असतां मेघगर्जना ऐकून तो लगबगीनें घरीं आला. प्रयोगाचें चित्र काढण्यासाठीं सोकोलोव नांवाचा उत्कीर्णक त्याच्याबरोबर होता. धाग्याचा अंश वाचण्यासाठीं रिखमान पुढें वांकला, आणि पट्टींतून निघालेला निळसर-पांढरा अग्नि त्याच्या कपाळावर आदळला. सोकोलोव खालीं कोसळला, पण वांचला. रिखमान जागच्या जागीं मरण पावला. त्याचें वय ४२ वर्षांचें होतें. त्याचा स्नेही लोमोनोसोव त्या वेळीं आपल्या घरीं तोच प्रयोग करीत होता. त्यानें मित्राच्या विधवेला निर्वाहवेतन मिळावें आणि या मृत्यूचें निमित्त करून कोणीं विद्येला दोष देऊं नये, अशी कळकळीची विनंति लिहून पाठविली.

मापन थांबलें नाहीं. अंतर वाढलें असतां हें बल कोणत्या प्रमाणांत कमी होतें, हा आतां मुख्य प्रश्न झाला. विद्युन्मय चांदीच्या भांड्यांत दोऱ्यानें सोडलेलें बूच बाजूंना ओढलें जात नाहीं, हें फ्रँक्लिनला आढळलें होतें. त्याच्या सांगण्यावरून जोसेफ प्रीस्टली यानें तो प्रयोग पुन्हां केला. पोकळ कवचाच्या आंत सर्व बाजूंचें आकर्षण परस्पर फिटून जावें, असें गुरुत्वाकर्षणाविषयीं न्यूटननें सिद्ध केलें होतें, आणि त्याचें मूळ बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असण्यांत आहे. तेव्हां विजेचा नियमहि तोच असला पाहिजे, असें अनुमान प्रीस्टलीनें १७६७ सालीं छापलें. दोन वर्षांनीं एडिंबरो येथील जॉन रॉबिसन यानें लोटण्याचें बल प्रत्यक्ष मोजलें आणि वर्गाच्या २ या घाताऐवजीं त्याला २.०६ हा आंकडा मिळाला. परंतु त्यानें तें वर्षानुवर्षें छापलें नाहीं. हेन्री कॅव्हेंडिश यानें १७७२-७३ च्या सुमारास धातुलेपित गोल दोन पोकळ अर्धगोलांत कोंडला, दोहोंना तारेनें जोडून वीज दिली, आणि अर्धगोल दूर करून आंतील गोल तपासला. त्यावर विजेचा मागमूस नव्हता. यावरून घात २ पेक्षां एक पन्नासांशाहूनहि अधिक भिन्न असूं शकत नाहीं, हें त्यानें गणितानें ठरविलें, आणि कागद पेटींत ठेवून दिले. अत्यंत श्रीमंत आणि अत्यंत एकलकोंडा असा हा पुरुष १८१० सालीं मरण पावला, तेव्हांहि हे कागद अप्रसिद्धच होते.

नियमाला नांव मिळालें तें फ्रान्समधील एका लष्करी इंजिनियराचें. शार्ल-ऑग्युस्तँ कूलोम हा १७३६ सालीं आंगुलेम येथें जन्मला. वेस्ट इंडीजमधील मार्तिनिक बेटावर किल्ला बांधण्यांत त्याचीं कित्येक वर्षें गेलीं आणि तेथील हवेनें त्याची प्रकृति कायमची खालावली. दोर, तुळया, खांब किती भार सोसतात याचाच विचार करण्याची त्याच्या बुद्धीला संवय. होकायंत्राची सुई धाग्यावर टांगण्याचा अभ्यास करतांना त्याला तारेच्या पिळाचें गणित सांपडलें: तारेला जितके अंश पीळ द्यावा, तितक्याच प्रमाणांत ती उलट जोर करते. म्हणजे तार हाच तराजू, आणि अंश हींच वजनें.

१७८५ सालीं त्यानें हा पिळाचा तराजू पॅरिसच्या अकादमीपुढें मांडला. कांचेचें गोल, सुमारें एक फूट रुंद व तितकेंच उंच भांडें. त्यावर उभी कांचेची नळी. तींतून सोडलेली केसाहून बारीक चांदीची तार. तारेच्या खालच्या टोंकाला आडवी काडी, काडीच्या टोंकाला भेंडाची लहानशी गोळी, आणि तिला चिकटून तशीच दुसरी गोळी स्थिर बसविलेली. विद्युन्मय टाचणीचें डोकें दोहोंना लावतांच वीज वांटली गेली आणि फिरती गोळी ३६ अंश दूर सरून थांबली. मग कूलोमनें वरची कळ १२६ अंश फिरवून तारेला पीळ दिला, तेव्हां गोळी जवळ येऊन १८ अंशांवर थांबली. एकूण पीळ १४४ अंश झाला. कळ ५६७ अंशांपर्यंत फिरविली, तेव्हां अंतर साडेआठ अंश उरलें. एकूण पीळ ५७५॥ अंश. अंतर निम्मे झालें तों बल ३६ चें १४४, म्हणजे चौपट झालें. अंतर जवळजवळ चतुर्थांश झालें तों बल सोळापट झालें. ज्या नियमानें चंद्र पृथ्वीभोंवतीं फिरतो, त्याच नियमानें भेंडाच्या दोन गोळ्या एकमेकींस लोटीत होत्या.

गंमत अशी कीं, जें दोन हजार वर्षें सर्वांना दिसत होतें तें आकर्षण मोजणेंच अधिक कठीण ठरलें. विजातीय गोळ्या जवळ आल्या कीं ओढ तारेच्या पिळापेक्षां झपाट्यानें वाढे आणि त्या एकमेकींवर आदळत. कूलोमनें युक्ति बदलली. विद्युन्मय मोठ्या गोलासमोर टांगलेली लहान काडी लंबकासारखी हलूं दिली आणि १५ झोक्यांचा वेळ मोजला. ९ इंच अंतरावर २० सेकंद, १८ इंचांवर ४१ सेकंद, २४ इंचांवर ६० सेकंद. नियमाप्रमाणें हे आंकडे २०, ४० व ५४ यावयास हवे होते. तफावत त्यानें झांकली नाहीं. प्रयोग चालूं असतां हवेवाटे कांहीं भार निसटतो, त्याचा हिशेब त्यानें दिला.

कॅव्हेंडिशचे कागद जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें १८७९ सालीं, आपल्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षीं, संपादून प्रसिद्ध केले. केंब्रिजच्या प्रयोगशाळेंत तो प्रयोग नव्या साधनांनीं पुन्हां करवून घेतला, तेव्हां घातांतील संभाव्य चूक २१,६०० व्या अंशाहूनहि लहान ठरली. कॅव्हेंडिशचा प्रयोग कूलोमच्या आधींचा, आणि त्याची रीतहि अधिक सूक्ष्म. तरी १८८१ सालीं पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत विद्युत् भाराच्या एककाला नांव दिलें गेलें तें कूलोमचें. यांत अन्याय झाला असें म्हणतां येत नाहीं. पेटींतील कागदांवरून कोणाला पुढचें पाऊल टाकतां आलें नाहीं. कूलोमच्या निबंधावरून तें शेंकडोंनीं टाकलें.

१८९७ सालीं जे. जे. टॉम्सन यानें इलेक्ट्रॉनचा शोध लाविला आणि दीडशें वर्षांच्या वादाचाहि उलगडा झाला. भारांच्या जाती दोन, हें द्यू फेचें म्हणणें खरें. घासण्यानें एकाच जातीचे कण एका वस्तूवरून दुसरीवर जातात, हें फ्रँक्लिनचें म्हणणेंहि बव्हंशीं खरें. तृणमणि लोकरीकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि ऋण होतो, एवढेंच. हें बल केवढें प्रचंड आहे याची कल्पना त्या काडीवरून येत नाहीं. प्रत्येकीं एक कूलोम भार असलेल्या दोन वस्तु एक मीटर अंतरावर ठेवतां आल्या, तर त्यांतील रेटा सुमारें नऊ लक्ष टन वजनाएवढा होईल. इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांमधील विजेची ओढ त्यांच्यांतील गुरुत्वाकर्षणापेक्षां, २ वर ३९ शून्यें द्यावीं, इतके पट अधिक आहे. जगांत दोन्ही भार जवळजवळ काटेकोर सारखे मिसळलेले आहेत, म्हणूनच हें सामर्थ्य एरव्हीं जाणवत नाहीं. मिठाचा खडा घट्ट राहतो तो याच ओढीनें, आणि छपाई करणाऱ्या झेरॉक्स यंत्रांत काळी पूड कागदावर नेमकी अक्षराच्या जागीं बसते तीहि याच ओढीनें.

कोरड्या थंडीच्या दिवसांत कंगवा केंसांवरून फिरवून कागदाच्या कपट्यांवर धरला, तर हा सारा इतिहास अर्ध्या मिनिटांत डोळ्यांपुढें घडतो. कपटे उडून कंगव्याला चिकटतात. पाहणारा बहुधा येथेंच थांबतो, जसा गिल्बर्ट थांबला होता. हात तसाच स्थिर ठेवून आणखी थोडें पाहिलें, तर एखादा कपटा कंगव्यावरून अकस्मात् दूर उडतो. तो गळून पडलेला नसतो. त्याला लोटलेलें असतें.